दुधाची पिशवी, बरणीचं झाकण आणि आखडलेली बोटं

जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहा-अकरा अंशांवर येतो. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी घरात येते, पण आमवात असलेल्या बाईला तिचा कोपरा फाडता येत नाही. मूठच वळत नाही. तीच बाई अकरा वाजता गवार निवडत बसलेली दिसते आणि घरातल्यांना वाटतं, सकाळी नाटक चाललं होतं. नाटक नव्हे, हे आजाराचं घड्याळ आहे.

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गुडघा झिजतो त्या संधिवाताहून हा वेगळा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उठते. सूज पेटवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्युकिन-६, रात्रभर वाढत जातात आणि पहाटे कळसाला पोचतात. सूज दाबणारं कॉर्टिसोल शरीर त्याच सुमारास सोडतं, पण सुजेच्या मानाने ते अपुरं पडतं. (याच कुळातलं कॉर्टिसोन फिलिप हेंच यांनी १९४८ साली अमेरिकेत आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं. त्या संशोधनाला १९५० साली नोबेल मिळालं.) शिवाय रात्रभर हात हलत नाहीत, त्यामुळे सुजलेल्या भागात पाणी साचतं आणि हालचाल सुरू झाल्यावरच ते निचरतं. म्हणून आमवातात आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. झिजेच्या संधिवातात तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. किती मिनिटं लागली, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. औषध लागू पडतंय की नाही, हे डॉक्टरांना ‘बरंय हो’ या उत्तरापेक्षा त्या आकड्यांवरून जास्त कळतं.

सकाळी उठल्यावर हात दहा-पंधरा मिनिटं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि पाण्यातच मूठ सावकाश उघडा-मिटा. सांधा लाल आणि तापलेला असेल तर शेक नको. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं पुरे. डब्याची भाजी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवावी. सातच्या डब्यासाठी सहाला चिरायला बसणं म्हणजे दिवसातले सगळ्यात वाईट हात सगळ्यात अवघड कामाला जुंपणं.

आता जोराचं गणित. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी एखादी वस्तू एक किलो जोराने चिमटीत धरली, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे बारा किलो दाब येतो. तरफेचा नियम इथे आपल्या विरुद्ध जातो. दुधाची पिशवी फाडणं, कपड्याचा चिमटा दाबणं, कुलपात किल्ली फिरवणं, गोळ्यांच्या पाकिटातून गोळी ढकलणं ही सगळी चिमटीची कामं. पिशवी कात्रीने कापा, आणि कात्री आपोआप उघडणारी, स्प्रिंगची घ्या. गोळी चमच्याच्या दांड्याने ढकला. किल्लीच्या भोकातून पेन्सिल आडवी घातली की झाला लांब दांडा. मग चिमटीऐवजी पूर्ण तळवा काम करतो.

बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, जाड मूठ सैल धरली तरी चालते. चमचा, उलथनं, सुरी यांची मूठ तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड करून घ्या. त्यासाठी परदेशी वस्तू मागवायची गरज नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. बोटभर भोकाची घ्या, वीतभर कापा आणि दांड्यावर सरकवा. एकच काळजी घ्या: फोम आचेपासून लांब ठेवा आणि धुवायच्या आधी काढा. आत पाणी राहिलं की वास मारतो. सुरीला मात्र आधी धार लावून आणा. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि तो सगळा बोटांच्या मुळांतून जातो.

बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडावं आणि उजव्या हाताने बंद करावं. विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. उघडताना झाकण घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. उजव्या हाताने फिरवलं, तर अडलेलं झाकण बोटांना करंगळीच्या बाजूला रेटतं, आणि आमवातात बोटं नेमकी त्याच बाजूला झुकत जातात. डाव्या हाताने उघडताना रेटा अंगठ्याच्या बाजूला येतो. बोटांनी धरूच नका. झाकणावर ओलं फडकं टाका, तळवा सपाट ठेवा आणि खांद्यातून फिरवा. जॅमची नवी बाटली असेल तर झाकणाच्या कडेखाली चमचा घालून आधी हवा आत जाऊ द्या. ‘टक्’ आवाज आला की अर्धं काम झालं. कुकरची वाफ पूर्ण गेल्यावरही झाकण फिरत नसेल तर रबरी रिंग कोरडी पडलेली असते. पुढच्या वेळी तिला तेलाचं बोट लावा.

कणकेसाठी तर विज्ञान फुकट मदत करतं. दोन वाट्या कणकेत पाऊण ते एक वाटी पाणी घालून नुसतं कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पाणी मुरलं की ग्लूटेनचे धागे आपले आपण जुळतात. मग मिनिट-दोन मिनिटं मळलं तरी पोळी मऊ होते. लाटताना लाटण्याची टोकं मुठीत आवळू नका. बोटं सरळ ठेवून तळव्यांनी लाटा.

लांब दांड्याच्या पातेल्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, आणि ते दांड्याच्या टोकाशी मनगटाला लोंबतं. दोन कानांचं भांडं घ्या. पातेलं नळाखाली भरून आणण्यापेक्षा ओट्यावर ठेवून तांब्याने भरा. मंडईतून येताना पिशवी बोटांत अडकवू नका, कोपरापाशी किंवा खांद्यावर घ्या.

दुचाकीबद्दल पुण्यात बोलावंच लागतं. अ‍ॅक्सिलरेटर आपण मनगट सरळ ठेवून पकडतो आणि पिळताना ते मागे मोडतं. सुरुवातीलाच पकड थोडी पुढून घेतली की गाडी चालताना मनगट सरळ राहतं. ब्रेक लवकर लागेल अशी केबल मेकॅनिककडून ताणून घ्या. डबल स्टँड हाताने ओढू नका, पायाने अंगाचा भार टाका. निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच दोन्ही ब्रेक पाच वेळा पूर्ण दाबून पाहा. एकदाही कमी दाबला गेला तर त्या दिवशी रिक्षा.

‘वातूळ’ म्हणून वांगं, हरभऱ्याची डाळ, दही सगळं बंद करण्याची आपल्याकडे हौस फार. त्याने आमवात हटतो असा पुरावा नाही, ताटातलं प्रथिन तेवढं कमी होतं. घरी बारीक लक्ष ठेवायचं ते औषधांवर.

आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. रक्तपेशी तयार होणं थांबतं, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग होतो. म्हणून ही पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डबीत कधीच नको. म म्हणजे मेथोट्रेक्सेट, म म्हणजे मंगळवार, असा वार ठरवा आणि पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा. सोबत लिहून दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी. पाकीट संपलं की नवं घेताना मिलिग्रॅम वाचून घ्या. अडीच आणि दहाची गोळी दिसायला सारखी असू शकते. रक्त तपासणी ‘बरं वाटतंय’ म्हणून चुकवू नका, कारण यकृताचा आणि रक्तपेशींचा बिघाड आधी रिपोर्टात दिसतो आणि नंतर अंगावर.

आणखी एक सापळा लघवीच्या जंतुसंसर्गात असतो. त्यासाठी कोट्रायमोक्साझोल देण्याची पद्धत आहे, पण ते मेथोट्रेक्सेटबरोबर घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. फॅमिली डॉक्टरांना तुमचं आठवड्याचं औषध ठाऊक असेलच असं धरून चालू नका. ‘मेथोट्रेक्सेट, इतके मिलिग्रॅम, फक्त मंगळवारी’ एवढी चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा आणि नवं औषध लिहून घेण्याआधी ती टेबलावर ठेवा.