कमला नेहरू पार्कातलं मारुत विमान आलं कुठून?

पुण्यात भांडारकर रोडजवळच्या कमला नेहरू पार्कात जे लढाऊ विमान ठेवलंय ते मॉडेल नाहीये, खरंखुरं विमान आहे. एचएफ-२४ मारुत, भारतात डिझाइन होऊन भारतातच बनलेलं पहिलं जेट फायटर. पुण्यात सुखोई रोज डोक्यावरून जातात त्यामुळे विमानाचं आपल्याला अप्रूप राहिलेलं नाही, पण ह्या विमानामागची गोष्ट खूप मोठी आहे आणि तिची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसांपासून होते.

सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आपल्या इंदापूर तालुक्यात आहे, त्यांना १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. तसाच कारखाना इथे काढायचं वालचंदांनी मनावर घेतलं आणि म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. दुसरं महायुद्ध चालू होतं, १९४२ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली, वालचंद बाहेर पडले. तीच पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली.

ह्याच कंपनीत कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली शिकलेला माणूस, म्हणजे हवेच्या शास्त्रात ज्याच्या वर कोणी नव्हतं त्याचा विद्यार्थी. घाटगेंनी एचटी-२ हे ट्रेनर विमान बनवलं, ते १९५१ ला उडलं आणि हवाई दलाच्या कितीतरी पायलटांनी पहिले धडे त्यावर गिरवले, नंतरचं किरण जेटही त्यांचंच. माझ्या मते घाटगेंचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, इंजिनियरिंगच्या पोरांनाही ते माहीत नसतं.

पण ट्रेनर वेगळं आणि सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणारं फायटर वेगळं. म्हणून १९५६ ला जर्मन विमान डिझायनर कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं फॉकेवुल्फ १९० हे त्यांचं विमान, युद्धानंतर ते अर्जेंटिनात जेट बनवत होते तिथून इकडे आले. त्यांनी आधी काय केलं तर मारुतच्याच आकाराचा लाकडी ग्लायडर बनवला, इंजिन नाही काही नाही, तो डकोटा विमानाने ओढत वर न्यायचा आणि सोडून द्यायचा, १९५९ पासून अशा चाचण्या चालल्या. हडपसरला ग्लायडर उतरताना ज्यांनी पाहिलाय त्यांनी विचार करा, तसं एक अख्ख्या फायटरच्या आकाराचं धूड इंजिनाशिवाय खाली आणायचं!  मग १७ जून १९६१ ला पायलट सुरंजन दास यांनी खरं मारुत पहिल्यांदा उडवलं.

आता पार्कात गेलात तर विमानाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. दोन धुराडी शेजारी-शेजारी, म्हणजे दोन इंजिनं. बाजूने हवा आत घ्यायच्या जागा आहेत त्यांच्या तोंडाशी अर्धा शंकू आहे, तो आवाजापेक्षा जास्त वेगासाठी असतो. सगळा सांगाडा त्याच वेगासाठी घडवलाय. टँक यांनी हिशोब केला होता ब्रिटिशांच्या ऑर्फियस बीओआर १२ ह्या ताकदवान इंजिनावर, आणि ब्रिटिशांनी तो प्रोजेक्टच गुंडाळला. पुढचा खर्च तुम्ही करा म्हणाले तर आपण नाही म्हटलं. मग आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून ताकद वाढवणारी सोय) नसलेलं ऑर्फियस ७०३ बसवलं, साधारण २,२०० किलो थ्रस्टचं, म्हणजे तेवढ्या जोराने पुढे ढकलणारं, त्यामुळे विमान आवाजाच्या वेगाच्या आसपासच अडकून पडलं. मला आजही वाटतं की तेव्हा ते पैसे टाकायला हवे होते. नंतर इजिप्तच्या इंजिनावर प्रयत्न झाला, एक मारुत तिकडे नेऊन त्यात ते बसवून उडवलंसुद्धा, पण १९६७ च्या इजिप्त-इस्रायल युद्धानंतर तेही बारगळलं. इथे आफ्टरबर्नर लावलेलं मारुत तपासताना १० जानेवारी १९७० ला सुरंजन दास अपघातात गेले. ज्या माणसाने ते पहिल्यांदा उडवलं तोच त्यात गेला. बंगलोरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

तरी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ह्याच कमी ताकदीच्या मारुतने काम चोख केलं. खालून उडताना मजबूत आणि स्थिर, नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही विमानं गेली पण हवेतल्या लढतीत एकही नाही, आणि एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्यावर तळावर परत आलेली मारुतं आहेत, म्हणजे ती दोन धुराडी कामी आली.

एकूण १४७ बनली. १९९० पर्यंत सगळी निवृत्त झाली, मग काही अशी बागांमध्ये आणि म्युझियममध्ये गेली, एक तर म्युनिकजवळच्या विमान म्युझियममध्ये आहे. पुढचं स्वदेशी फायटर तेजस उडायला २००१ साल उजाडलं, तेही अमेरिकन जीई ४०४ इंजिनावर, आपलं स्वदेशी कावेरी इंजिन काही त्यात बसू शकलं नाही.