ट्रेकिंग व कॅम्पिंग साहित्याचे अफिलिएट मार्केटिंग

तंबू, स्लीपिंग बॅग, बूट, सॅक, हेडलॅम्प असे दुसऱ्याच्या दुकानातले साहित्य आपल्या संकेतस्थळावरून किंवा व्हिडिओतून सुचवायचे, सोबत स्वतःची खूण असलेली लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन घ्यायचे, असा हा व्यवसाय. माल साठवणे, पाठवणे, परत घेणे ही कामे विक्रेत्याची. ही पद्धत इंटरनेटवर सीडीनाऊ या संगीतविक्री संकेतस्थळाने १९९४ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनने जुलै १९९६ मध्ये राबवली. अमेरिकेत भटकंतीच्या साहित्यासाठी अ‍ॅव्हँटलिंकसारखी मध्यस्थ नेटवर्क आहेत. भारतात बहुतेकांची सुरुवात अ‍ॅमेझॉनपासूनच होते.

अ‍ॅमेझॉनवर खाते उघडल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. लिंकवर टिचकी मारल्यापासून २४ तासांत झालेली खरेदी आपल्या नावे लागते. त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली असेल, तर मुदत सुमारे तीन महिन्यांपर्यंत लांबते. साहित्याची निवड याच नियमावर ठरवावी लागते. चार-पाच हजारांचा तंबू कुणी एका दिवसात घेत नाही. घरात विचारतो, ग्रुपवर विचारतो, चार व्हिडिओ बघतो आणि मग भलत्याच्याच लिंकवरून घेतो. पोंचो (अंगावरून घ्यायचा सैल रेनकोट), सॅकचे रेन कव्हर, ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी), हेडलॅम्प या वस्तू मात्र शनिवारच्या ट्रेकसाठी मंगळवारी लागतात, म्हणून त्या लगेच विकल्या जातात. शिवाय तंबूच्या लिंकवरून गेलेल्याने त्याच दिवशी दुसरे काही घेतले, तरी त्याचे कमिशन सहसा मिळते.

हिशेब आधीच मांडलेला बरा. समजा, एक लेख महिन्याला १,००० जणांनी वाचला, त्यांतल्या ८० जणांनी लिंक उघडली, तिघांनी सरासरी २,५०० रुपयांची खरेदी केली आणि दर ५ टक्के आहे, तर हातात ३७५ रुपये येतात. दर आपल्या हातात नसतात. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत आउटडोअर साहित्याचा दर ५.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा एकाच दुकानावर विसंबलेल्यांचे उत्पन्न जवळपास निम्म्यावर आले. एक गळती तर मोजताही येत नाही: मुंबई-पुण्याचा वाचक लेख वाचून थेट डेकॅथलॉनच्या दुकानात जातो, बूट पायात घालून बघतो आणि तिथेच विकत घेतो. त्यात लेखकाला काहीच मिळत नाही.

वस्तू परत गेली की कमिशनही जाते. भटकंतीच्या साहित्यात परतीचे कारण पुष्कळदा चुकीची अपेक्षा हे असते, आणि जाणकार लेखकाचा उपयोग इथेच होतो. तंबूचेच बघा. ‘वॉटरप्रूफ’ एवढे लिहून भागत नाही. कापडाचा हायड्रोस्टॅटिक हेड किती, हे सांगावे लागते. १,५०० मिमी म्हणजे दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसते. शिवणींवर टेप आहे का, रेनफ्लाय (तंबूवरचे पावसाळी आवरण) जमिनीपर्यंत येतो की अर्ध्यावरच थांबतो, हेही बघावे. ‘चार जणांचा’ म्हटलेल्या तंबूत सॅकसह तिघेच नीट मावतात. एकपदरी तंबूत रात्री श्वासाची वाफ आतल्या बाजूला थंड होऊन तिचे पाणी होते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात; तंबू गळका निघाला असे समजून लोक तो परत करतात. हे आधीच लिहून दुपदरी तंबू किंवा खिडकी उघडी ठेवण्याचा उपाय सुचवला, की परतीचे प्रमाण घटते. बुटांचेही तसेच. जास्त गाद्या असलेले महागडे बूट ओल्या बसाल्टवर घसरू शकतात. सह्याद्रीत ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ या साध्या बुटांचे चाहते उगाच नाहीत. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत वापराविना पडून राहिला, तरी हळूहळू विरतो आणि ऐन उतारावर निघून येतो. गॅस स्टोव्हची शिफारस करताना कार्ट्रिज (गॅसचा छोटा डबा) रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, ते मुक्कामाच्या गावात मिळते का बघा, हे सांगणे भाग आहे. निव्वळ ब्युटेन शून्य अंशाजवळ वायूरूप होईनासे होते; हिमालयात जाणाऱ्याला प्रोपेन मिसळलेले लागते.

हंगाम चुकला की वर्ष जाते. पावसाळी साहित्याचे लेख एप्रिलअखेर तयार असावेत, कारण शोध-इंजिनात वर यायला आठवडे लागतात आणि खरेदी पहिल्या सरींबरोबर सुरू होते. तंबू आणि स्लीपिंग बॅगचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतात, म्हणजे जूनची कमाई ऑगस्टअखेरीस. ‘बेस्ट टेन टेंट’ छापाच्या याद्या नवख्याने टाळाव्यात. तिथे मोठी संकेतस्थळे बसलेली आहेत. ‘पावसात कळसूबाईसाठी कोणते बूट’ असा अरुंद प्रश्न मराठीत घेतला, तर स्पर्धा कमी असते आणि वाचक खरेदीच्या बेतात असतो.

खाती बंद पडतात ती बहुधा नियमभंगामुळे. अ‍ॅमेझॉनच्या लिंक पीडीएफमध्ये देता येत नाहीत, स्वतःच्या लिंकवरून स्वतःची खरेदी चालत नाही, किंमत हाताने टंकून ठेवता येत नाही. गूगलसाठी अशा लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी; ती सप्टेंबर २०१९ पासून आहे. कमिशन मिळते हे वाचकाला लिंकपूर्वीच, लेखाच्याच भाषेत सांगावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कमिशनवर टीडीएस कापला जातो (१ ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ वरून २ टक्के झाला); पॅन दिला नसेल तर २० टक्के.