टीव्ही-फ्रिज विकतो एक, जबाबदार दुसराच: ही घडी कशी बसली

नवा टीव्ही घरी येऊन आठवडा होत नाही तोच पडद्यावर उभी रेघ दिसते. शोरूमच्या काउंटरवर सांगतात, "कंपनीला कॉल करा." कंपनी तक्रार क्रमांक देते, अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन फोटो काढतो आणि "वरून अप्रूव्हल आले की कळवतो" म्हणून निघून जातो. पैसे घेणारा एक, माल बनवणारा दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा. हप्ते आणि वाढीव वॉरंटी घेतली असेल तर चौथा आणि पाचवाही असतो. ग्राहकाची अर्धी दमछाक या पाच जणांमध्ये फिरण्यातच होते. ही रचना गेल्या पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने उभी राहिली.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळात टीव्ही विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या बाजूला अनेकदा दुरुस्तीचे टेबल असे. सेट उघडता येत असे, कॅपॅसिटर किंवा ईएचटी (पडद्याला उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग) बदलता येत असे आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत मिळत. विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच असल्यामुळे तक्रार कुठे करायची, हा प्रश्न फारसा पडत नसे. मात्र निवड कमी होती आणि भाव दुकानदार सांगेल तो.

1982 मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि बाजार एकदम फुगला. ओनिडा मुंबईची, व्हिडिओकॉन औरंगाबादची. अशा कंपन्यांनी देशभर विक्रेते नेमले आणि सोबत स्वतःची सर्व्हिस केंद्रेही उभारली. वॉरंटी कार्डावर आता दुकानदाराऐवजी कंपनीचे नाव आले. दुकानदाराने कार्डावर शिक्का मारला की त्याचे काम संपले, ही समजूत याच काळात रुजली.

कायद्याने ती कधीच मान्य केलेली नव्हती. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार अशा मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णन सांगून विकलेली वस्तू विकण्यायोग्य दर्जाची असलीच पाहिजे, आणि हे बंधन विकणाऱ्यावर आहे. पण चार-पाच हजारांच्या सेटसाठी दिवाणी न्यायालयात कोण जाणार? ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात मोठे काम झाले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. वकिलाशिवाय तक्रार मांडता येईल अशी जागा ग्राहकाला पहिल्यांदाच मिळाली.

1990 मध्ये पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता: स्थानिक करांच्या नावाखाली होणारी लूट थांबावी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र त्याचा उलटा वापर सुरू झाला. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे. ती किती असावी, हे कंपनीच ठरवते. म्हणून खोक्यावर 60,000 छापायचे, ते खोडून 38,000 लिहायचे आणि "22,000 वाचले" असा बोर्ड लावायचा. छापील किमतीवरची सूट पाहून भाव कळत नाही. तोच मॉडेल क्रमांक दोन-तीन ठिकाणी विचारला तरच कळतो. तिथेही एक अडचण असते. काही कंपन्या मोठ्या साखळी दुकानांसाठी शेवटचे एखादे अक्षर बदललेले वेगळे मॉडेल देतात. त्यामुळे "दुसरीकडे स्वस्त आहे" म्हटले की "ते मॉडेल वेगळे" असे उत्तर तयार असते. अशा वेळी पॅनेलचा प्रकार, रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नवे होते), एचडीएमआय पोर्टांची संख्या आणि आवाजाचे वॅट हे चार तपशील ताडून पाहावेत.

नव्वदच्या दशकात सॅमसंग, एलजी आल्या, स्पर्धेने भाव उतरले आणि विक्रेत्याचा नफाही आटला. पुढे साखळी दुकानांचे दिवस आले. विजय सेल्स 1967 पासून मुंबईत होतेच. 2006 मध्ये टाटांच्या क्रोमाचे पहिले दुकान जुहूला उघडले, 2007 मध्ये रिलायन्स डिजिटल आले. स्वच्छ मांडणी, पक्के बिल, हात लावून पाहण्याची मोकळीक हे सगळे त्यांनी आणले, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण अशा दुकानांत माहिती सांगायला पुढे येणारे बरेच जण दुकानाचे नोकर नसतात. कंपन्यांनी नेमलेले ते प्रमोटर असतात आणि ठरावीक मॉडेल विकले की त्यांना इन्सेंटिव्ह मिळतो. टी-शर्टवरचे नाव पाहिले की ते कोणाकडून बोलतात हे कळते. भिंतीवरचे टीव्हीही "व्हिव्हिड" मोडवर, खास चित्रित केलेल्या क्लिपवर चालतात. रिमोट मागून "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" मोड लावावा आणि पेन ड्राइव्हवरून घरचीच एखादी साधी क्लिप चालवून पाहावी. दोन सेटमधला खरा फरक तेव्हा दिसतो.

नफा आटल्याची भरपाई दोन गोष्टींतून होऊ लागली: हप्ते आणि वाढीव वॉरंटी.

शून्य टक्के हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे बँकांना स्पष्ट सुनावले. व्याज असतेच. ते कंपनी किंवा विक्रेता भरतो, नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये लपते. 12/4 योजनेत, म्हणजे एकूण बारा हप्ते आणि त्यातले चार आगाऊ, 30,000 च्या टीव्हीचे चार हप्ते, म्हणजे 10,000, सुरुवातीलाच घेतात. प्रत्यक्ष कर्ज 20,000 चे आणि आठ महिन्यांचे. त्यावर 800 रुपये फी लावली, तर वार्षिक दर अकरा टक्क्यांच्या घरात जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ मुदत कर्जासाठी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते मागावे. आणि रोख देणार असाल तर "हप्त्याचे व्याज तुम्ही भरणार होता, तेवढे कमी करा" असे सरळ म्हणावे.

वाढीव वॉरंटी हा सगळ्यात जास्त वादाचा भाग. ती बहुधा टीव्ही बनवणाऱ्या कंपनीची नसते, दुकानाची किंवा तिसऱ्याच संस्थेची असते आणि मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. पडद्याला तडा, व्होल्टेजमुळे जळालेला बोर्ड, झुरळांनी खराब केलेले सर्किट हे सहसा वगळलेले असते. दुरुस्ती परवडत नसेल तर नवी वस्तू मिळत नाही, घसारा वजा करून रक्कम मिळते. "कॉम्प्रेसरवर 10 वर्षे" याचाही अर्थ फक्त कॉम्प्रेसर हा भाग. गॅस, मजुरी, पीसीबी (सर्किट बोर्ड) यांचे पैसे वेगळे. काउंटरवर तोंडी सांगितलेले पुढे कोणी मानत नाही, म्हणून अटींचा कागद तिथेच वाचावा.

एसीत आणखी एक मेख आहे. ताऱ्यांचे लेबल 2006 मध्ये आले आणि 2010 पासून खोलीच्या एसीला सक्तीचे झाले, पण निकष वेळोवेळी कडक होतात. आयएसईईआर हा आकडा एसी विजेचा किती चांगला उपयोग करतो हे दाखवतो; 4.5 आयएसईईआरला जुलै 2022 आधी पाच तारे मिळत, त्या महिन्यात निकष बदलल्यावर चारच मिळू लागले. जुना माल जुन्या लेबलवर खपवला जातो, म्हणून तारे मोजण्यापेक्षा लेबलवरचा कालावधी आणि हा आकडा पाहावा. बसवण्याचा खर्चही आधी लिहून घ्यावा. खोक्यात साधारण 3 मीटर तांब्याची नळी असते. त्यापुढची नळी, बाहेरचा स्टँड आणि भिंतीला भोक पाडणे यांचे पैसे जागेवर मागितले जातात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, विक्रेत्याला पुन्हा मध्ये आणले. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही.

त्यासाठी पुरावा हवा. खोके डिलिव्हरीच्या माणसासमोर किंवा इन्स्टॉलेशनवाल्यासमोर उघडावे, सील तोडण्यापासून सेट सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढावा, मागचा सिरियल नंबर बिलाशी जुळवावा. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून चालू होते, बसवल्याच्या नाही. माल मुळातच बंद निघाला तर दुकान कंपनीच्या तंत्रज्ञाचा लेखी दाखला मागते, तोही बऱ्याचदा सात दिवसांत. म्हणून पहिली तक्रार त्याच दिवशी करावी आणि प्रत्येक भेटीचे जॉबशीट (तंत्रज्ञाच्या कामाची नोंद), दोष आणि तारखेसह, घ्यावे.

एवढ्याने भागले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीत विक्रेता, कंपनी आणि वाढीव वॉरंटी देणारी संस्था या तिघांनाही विरुद्ध पक्ष करावे. एकालाच केले तर तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो आणि तारखा त्यातच जातात.