पार्ल्याचा वास आणि साडेचारचा चहा

लहानपणी जोगेश्वरीहून दादरला मावशीकडे जायचं असलं की आई मला खिडकीशी बसवायची. अंधेरी सुटली की डब्यात गरम वास शिरायचा, भाजलेल्या पिठाचा, दुधाचा, साखरेचा. पार्ल्याच्या बिस्किट कारखान्याचा वास. डुलक्या काढणाऱ्या बायकासुद्धा त्या वासानं जाग्या व्हायच्या आणि पिशव्या सावरत दाराकडे सरकायच्या. मला मात्र घरून पोटभर जेवून निघालेली असले तरी भूक लागायची.

१९२९ साली उपनगराचंच नाव घेऊन सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वास गेला, पण माझ्या तोंडाला ते कळायला वेळ लागला. पुढे कितीतरी महिने गाडीनं अंधेरी सोडली की तोंडाला पाणी सुटायचं आणि बिस्किट चहात बुडवून खावंसं वाटायचं. मग हळूहळू ते थांबलं. कधी थांबलं, माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी साखर कमी करायचं मनावर घेतलं, तेव्हा मला हे पार्ल्याचं प्रकरण सारखं आठवत राहिलं. गोडाची तलफ आली की आपण जिभेला बोल लावतो. ‘जिभेवर ताबा नाही’ असं घरचे म्हणतात आणि आपणही मान खाली घालून ऐकून घेतो. पण तलफ उठते तेव्हा जिभेवर काहीच नसतं. ती उठते जागेवरून, वेळेवरून, वासावरून. एकदा हे नीट समजलं की स्वतःवर चिडण्यात जाणारी बरीचशी शक्ती वाचते, म्हणून हा लेख.

पावलोव्हचे कुत्रे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असतात. खाणं समोर यायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनं त्यांची लाळ गळायची. ती चाहूल मेंदूत काय करते, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम एकेका पेशीच्या पातळीवर नोंदवलं. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी खडबडून जाग्या होत. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पेशी खूण दिसताच उसळू लागल्या आणि रस मिळाला तेव्हा जवळपास गप्प राहिल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. या संशोधनासाठी शुल्ट्झ यांना २०१७ मध्ये आणखी दोघांसोबत ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं.

आता ऑफिसातला साडेचारचा चहा घ्या. आमच्या फोर्टातल्या इमारतीखाली टपरी आहे. चार वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं, त्या आवाजावर तीन जण उठतात, लिफ्टपाशी जमतात. यातली प्रत्येक गोष्ट माकडाला दाखवलेल्या खुणेसारखी आहे. ग्लास हातात येण्याआधीच मेंदूनं गोडाचा हिशोब मांडून ठेवलेला असतो. त्या दिवशी ‘मी नाही येत’ म्हणून बसून राहिलं की जी चिडचिड होते, उगाच कुणाच्यातरी ईमेलचा राग येतो, ती बहुधा त्या खाली गेलेल्या पातळीचीच बहीण असावी. माकडाच्या एका पेशीवरून माणसाच्या सबंध संध्याकाळीवर उडी मारणं धाडसाचं आहे, हे मान्य. पण मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांच्या कामातूनही हेच पुढे आलं, की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती खाताना आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. जलेबीचा तिसरा वेढा फारसा आवडत नसतानाही हात पुढे जातो, तो पहिल्या वाटेनं.

अपेक्षा पुन्हा पुन्हा फसली की खूण हळूहळू दुबळी होते. पार्ल्याला माझं तेच झालं. मी काहीच केलं नाही, फक्त वास येईनासा झाला. टपरीवरचा चहा काही बंद होणार नाही, त्यामुळे तिथे खूण बदलावी लागते. मी दोन आठवडे साडेचारला टपरीच्या उलट दिशेनं हॉर्निमन सर्कलच्या बागेला एक फेरी मारली. जेमतेम पंधरा मिनिटं. भरभर चालण्यानं गोडाची ओढ तात्पुरती ओसरते, हे ब्रिटनमध्ये चॉकलेट खाणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांतही दिसलं आहे.

चहा सोडावा असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही. चहातली साखर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती एकदा मोजून बघण्यासारखी आहे. एका रविवारी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि आईला नेहमीसारखी साखर घालायला सांगितली. तिचा चमचा म्हणजे शिगोशीग. काटा सात ग्रॅमवर थांबला. मग तोच चमचा सुरीनं सपाट केला, तर साडेचार. ‘एक चमचाच घेते गं’ या वाक्यात किती जागा आहे, ते त्या दिवशी आम्हा दोघींना दिसलं. टपरीवरच्या कटिंगमध्ये साखर उकळतानाच पडते, त्यामुळे ती दिसतच नाही. एका कटिंगला साधारण सहा-सात ग्रॅम धरली तर चार कटिंगांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस अशी, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेला तर आणखी चांगलं. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे आकडे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे त्यातला कडक आकडा नुसत्या चहानंच गाठला. बिस्किटं, केचप, संध्याकाळचा उसाचा रस अजून बाकीच आहे. अख्खं फळ आणि दुधातली नैसर्गिक साखर या हिशोबात धरत नाहीत. फळांचा रस, मध आणि गूळ धरतात. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण तो बहुतांश साखरच आहे. ‘आम्ही गुळाचा चहा घेतो’ म्हणून तीन कप पिणाऱ्यांना हे प्रेमानं सांगायला हवं.

आम्ही घरी दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी केला. पहिले चार दिवस चहा पाणचट लागला. आई म्हणाली, ‘हा काय, आजाऱ्याचा चहा?’ तेव्हा गवती चहाची पात आणि आलं वाढवलं, वर वेलची. वास आणि गोडी यांची मेंदूत जोडी जमलेली असते. व्हॅनिलाचा वास आला की तेवढ्याच साखरेचा पदार्थ जास्त गोड भासतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे वेलची आणि जायफळाची जोडी जन्मापासून शिऱ्याशी आणि श्रीखंडाशी जमलेली, तेव्हा त्यांनाही हे जमत असणार असा माझा अंदाज. अडीच महिन्यांनी आई शेजारच्या काकूंकडे चहा पिऊन आली आणि म्हणाली, ‘सुमनकडे पाक दिला की चहा, कळेना.’

आईच्या जिभेचं जे झालं, त्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल सेंटर म्हणून चव आणि वास यांवर काम करणारी संस्था आहे. तिथल्या एका प्रयोगात काही जणांनी तीन महिने साध्या साखरेतून मिळणारे उष्मांक ४० टक्क्यांनी कमी केले. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या महिन्यात कमी साखरेचं पुडिंग या लोकांना इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त गोड लागत होतं. एक गोष्ट मात्र बदलली नाही. किती गोड असलं की आवडतं, हे पूर्वीइतकंच राहिलं. म्हणजे जीभ थोड्या साखरेतही गोडी ओळखायला शिकते, पण गोडाचं प्रेम तीन महिन्यांत आटत नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. ‘एकवीस दिवसांत साखर नकोशी होईल’ असं सांगणारे जे म्हणतात, ते इथे दिसत नाही. सवयींचंच म्हणाल तर लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. त्यात मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

मग साखरेऐवजी त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या का नकोत? जिभेवरचा गोडाचा ग्राहक, म्हणजे गोड रेणू ज्याला येऊन चिकटतात ते प्रथिन, २००१ मध्ये सापडला. साखर आणि बनावट गोडी दोन्ही त्यालाच चिकटतात, म्हणून दोन्ही गोड लागतात. पण चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेनं २०२० मध्ये दाखवलं, की ज्या उंदरांना गोड चव कळतच नाही तेही काही तासांनी साखरेचं पाणी निवडू लागतात. गोळ्यांच्या पाण्याबाबत असं होत नाही. आतड्यातल्या पेशी ग्लुकोज ओळखतात आणि व्हेगस नावाच्या नसेवरून मेंदूला वर्दी देतात. या वर्दीला चवीशी देणंघेणं नाही. गोळीनं जीभ फसते, आतडं फसत नाही. त्यात २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये असं सुचवलं. ही शिफारस मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

आता मुंबईतल्या माणसाच्या खऱ्या दुखण्याकडे येते. झोप. पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो, आणि विरार-बदलापूरहून येणाऱ्यांची नेमकी तीच मोडते. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्याच तरुणांच्या पुरेशा झोपेच्या रात्रींशी तुलना केली, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं होतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के घटलं होतं. ओढ सगळ्यात वाढली ती गोड आणि पिठूळ खाण्याची. प्रयोग छोटा आहे, पण ज्यांनी ५.१०ची गाडी पकडून दिवसभर काम केलंय त्यांना तो खोटा वाटणार नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर क्रीम रोल घेणाऱ्याला ‘मनोनिग्रह कर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला आधी झोप हवी.

दुसरं, उपाशी राहून केलेला संयम. प्रिन्स्टनमध्ये बार्ट होबेल यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग खाणं आणि साखरेचं पाणी दिलं. ते उंदीर पाण्यावर तुटून पडू लागले, आणि साखर काढून घेतल्यावर व्यसन सुटताना दिसतात तशी लक्षणं दाखवू लागले. ज्या उंदरांना साखर दिवसभर मिळत होती त्यांच्यात तसं दिसलं नाही. यावरून ‘साखर म्हणजे अफूच’ असे मथळे झाले. मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत साखरेच्या व्यसनाची अशी नोंद नाही, आणि माणसांबाबत शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. मला त्यातून कामाचा वाटतो तो उपाशीपणाचा भाग. सकाळी नुसता चहा, जेवण अडीचला, तेही अर्धंमुर्धं, आणि मग साडेचारला केक. डब्यात उसळ किंवा अंडं असलं आणि चारच्या सुमाराला मूठभर चणे-शेंगदाणे खाल्ले, की तलफ येते पण दार ठोठावून परत जाते.

तलफेचं आणखी एक मर्म आहे. ती चित्राच्या रूपात येते. काचेच्या ग्लासातल्या फालुद्याचा गुलाबी थर, त्यावरचं आइस्क्रीम, आपण मनात रंगवत जातो आणि ती वाढत जाते. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावलं, आणि तलफेचा जोर कमी झाला. डोळे आणि मन आकार जुळवण्यात गुंतले की चित्र रंगवायला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला लेडीज डब्यातल्या बायका आठवल्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी, आणि काडी वेगळी, पान वेगळं, पिवळं पान बाजूला. त्या कामालाही नजर आणि बोटं दोन्ही लागतात. मी आता तलफ आली की मेथी, नाहीतर पावटे सोलायला घेते.

सणावाराचं वेगळं. ज्या भाषेत लग्न ठरलं की साखरपुडा आणि चांगलं बोललं की तोंडात साखर पडते, तिथे हळदीकुंकवाला ‘मी गोड खात नाही’ म्हणणं कानाला जड वाटतं. मी एक मोदक घेते, बसून, सावकाश खाते आणि दुसऱ्याला नको म्हणते. दिवाळीनंतर तलफ पुन्हा जोर धरते, तेव्हा सगळं मुसळ केरात गेलं असं वाटतं. तसं नसतं. जुनी खूण दुबळी होते म्हणजे पुसली जाते असं नाही, तिच्यावर नवं शिक्षण चढतं. जुन्या जागी, जुन्या माणसांत गेलं की खालचं वर येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आहारातली साखर एकदम तोडू नये. औषधाचा डोस पूर्वीच्या खाण्यावर बेतलेला असतो आणि रक्तातली साखर ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली तर घाम, थरथर, चक्कर येते. अशा वेळी लगेच ग्लुकोज किंवा साखरच घ्यायची, अगदी विनासंकोच.

परवा संध्याकाळी धीम्या गाडीनं परतत होते. पार्ल्याला एक मुलगी चढली, कॉलेजची असावी. समोर बसून तिनं पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि कागद फाडला. वास आला. दहा वर्षांत आला नव्हता तसा. तोंडाला पाणी सुटलं, आईची खिडकी आठवली, बशीत ओतलेला चहा आठवला. तिनं पुडा पुढे केला, ‘घ्या ना, मावशी.’ मी हसून मान हलवली आणि पिशवीतली मेथी काढली. चार-पाच काड्या झाल्या असतील. अंधेरी आली.