सीपीईचा अर्ज: हॉस्पिटल चॅप्लिन होऊ पाहणाऱ्या मराठी ख्रिस्ती उमेदवारांचं घोडं कुठे अडतं

सीपीईचा, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचा अर्ज परत आला की आपला उमेदवार म्हणतो, इंग्रजी कमी पडलं असणार. क्वचित तसं असतंही. पण परत आलेले जे अर्ज माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतले बरेचसे इंग्रजीत नीटनेटके असतात. अडलेलं असतं ते निबंधांत, लशींच्या कागदांत आणि तारखांत. अमेरिकेत असलेल्या किंवा तिकडे शिकायला निघालेल्या मराठी पाळकांसाठी, सिस्टरांसाठी आणि मंडळीत सेवा करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

आधी थोडक्यात ओळख. चॅप्लिन म्हणजे हॉस्पिटलसारख्या ठिकाणी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आध्यात्मिक सोबत देणारा सेवक. हॉस्पिटल, हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा), तुरुंग अशा ठिकाणी संकटातल्या माणसाजवळ बसायचं कसं, याचं प्रत्यक्ष कामातून मिळणारं शिक्षण म्हणजे सीपीई. १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या पाळकाने ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी वॉर्डात आणले, तिथून याची सुरुवात मानतात. बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल राहून बाहेर आलेले होते, हे लक्षात ठेवा. पुढे निबंधांचं बोलताना त्याचा उपयोग होईल. आज अमेरिकेत केंद्रांना मान्यता देणारी प्रमुख संस्था म्हणजे एसीपीई. हे शिक्षण युनिटांत, म्हणजे टप्प्यांत होतं; एक युनिट किमान ४०० तासांचं. त्यात किमान १०० तास गटात आणि मार्गदर्शकासमोर, बाकीचा बहुतेक वेळ रुग्णांजवळ. मोठ्या ट्रॉमा सेंटरला युनिट मिळालं तर रात्रीची ऑन-कॉल पाळी येते: अपघात, गोळीबार, बंद पडलेलं हृदय. पेजर वाजला की इमर्जन्सीत जायचं आणि कुणाच्या तरी आईला धरून बसायचं.

तुम्ही ख्रिस्ती सेवक म्हणून जाता, पण बेडवरचा माणूस मुसलमान असेल, हिंदू असेल, काहीच न मानणारा असेल. तिथे सुवार्ता सांगायला परवानगी नाही. यावर आपली माणसं बिथरतात. मग विश्वास बाहेर ठेवून जायचं का? नाही. रोमकरांस पत्रात १२:१५ मध्ये ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ म्हटलंय, तेवढंच करायचं आहे आणि ते पुरेसं अवघड आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. अर्जात ‘मला रुग्णांना प्रभूकडे आणायचं आहे’ हे वाक्य लिहिलंत, तर केंद्र बाकीची पानं उलटेलच असं नाही.

पात्रता प्रत्येक केंद्र आपापली ठरवतं. पहिल्या युनिटसाठी बरीच केंद्रं ईश्वरविज्ञानाचं थोडं शिक्षण किंवा मंडळीतला अनुभव चालवून घेतात. वर्षभराच्या, मानधन मिळणाऱ्या रेसिडेन्सीला साधारणपणे एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी) किंवा त्याच्या तोडीची पदवी आणि हातात निदान एक युनिट लागतं. थेट रेसिडेन्सीला अर्ज करून पडणारे बरेच आहेत. आधी उन्हाळी युनिट करा.

अर्ज एसीपीईच्या मुख्य कार्यालयाकडे जात नाही. फॉर्म एकसारखा असला तरी तो त्या त्या केंद्राला पाठवायचा, अर्जाची फी प्रत्येकाची वेगळी, मुलाखतही वेगळी. आणि केंद्र मान्यताप्राप्त आहे की नाही हे एसीपीईच्या यादीत स्वतः बघा. सीपीईच्या नावाखाली घरबसल्या सर्टिफिकेट देणारे पुष्कळ आहेत. तसला कागद पुढे कुठेच चालत नाही. वर्ग झूमवर भरवणारी मान्यताप्राप्त केंद्रंही आहेत, पण रुग्णांच्या भेटी प्रत्यक्षच द्याव्या लागतात.

आता तारखा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. १२/०१ म्हणजे १ डिसेंबर. आपण ते १२ जानेवारी वाचतो आणि नाताळाच्या सुट्टीत निवांत निबंध लिहायला बसतो. हसू नका, शिकलेली माणसं इथे फसतात. दुसरं म्हणजे शेवटची तारीख असते ती पूर्ण अर्जाची. तुमचा फॉर्म वेळेवर गेला पण शिफारसपत्र आठवडाभराने पोहोचलं, तर अर्ज उशिरा आला असंच धरतात. मे-जूनच्या युनिटची तयारी आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून करा. काही केंद्रं जागा भरत जातील तशी दारं बंद करतात, तिथे तर शेवटच्या तारखेला फारसा अर्थ नसतो.

निबंधांवर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण खरी गाळणी इथे लागते. साधारण मागणी अशी असते: स्वतःच्या आयुष्याची बऱ्यापैकी सविस्तर हकिकत, घरातली महत्त्वाची माणसं आणि प्रसंग यांसह, विश्वासाचा प्रवास, नोकऱ्यांचा क्रम, आणि कुणीतरी तुमच्याकडे मदत मागितली असा एक प्रसंग. त्यात तुम्हाला काय वाटलं, तुम्ही काय केलंत, आज त्याकडे कसं बघता.

आपली माणसं हकिकतीच्या जागी साक्ष लिहितात. रविवारी मंडळीपुढे उभं राहून देतात तशी: अंधारात होतो, प्रभूने उचललं, आज त्याच्या कृपेने सेवेत आहे. त्यात खोटं काहीच नसतं, पण माणूस दिसत नाही. वडिलांचं पिणं, भावाने घेतलेला गळफास, बाप्तिस्म्यानंतर तुटलेलं आजोळ, शाळेत जातीवरून ऐकलेलं बोलणं हे सगळं ‘अनेक संकटे आली’ या तीन शब्दांत गुंडाळलेलं असतं. घरातलं घरात ठेवायची आपली सवय. वाचणाऱ्याला तुमची भानगड नको असते. त्याला एवढंच बघायचं असतं की, बॉइसन यांना होती तशी, स्वतःच्या जखमेची या माणसाला ओळख आहे का. ती ओळख नसेल तर ट्रॉमा बेमध्ये दुसऱ्याच्या भावाचा देह समोर आल्यावर ती जखम उघडते, आणि त्या कुटुंबाला चॅप्लिन असून नसल्यासारखा होतो.

पण उलटही सांगून ठेवतो. जे बोलायची अजून तयारी नाही ते लिहू नका. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो आणि समोर अनोळखी माणसं असतात. विशेषतः घरातल्या हिंसेतून किंवा अत्याचारातून गेलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगतो. किती सांगायचं हे तुम्हीच ठरवायचं.

मदतीच्या प्रसंगाचं तसंच. नेहमी येणारं वाक्य: ‘मी प्रार्थना केली आणि त्या बहिणीला अद्भुत शांती मिळाली.’ यातून काय कळलं? तोच प्रसंग असा लिहून बघा: ‘नवरा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तशी मी लगेच प्रार्थना सुरू केली. ती बाई माझ्याकडे बघतही नव्हती, हातातल्या चपलांकडे बघत होती. त्याच्या चपला. खोलीतली शांतता मला सोसवली नाही म्हणून मी बोलायला लागलो, असं आता वाटतं.’ असं लिहिणारा उमेदवार फसलेला असेल, तरी शिकवण्याजोगा आहे हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. युनिट सुरू झाल्यावर याच धर्तीवर रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दशः लिहून गटापुढे ठेवावं लागतं आणि सहकारी त्याची सालं काढतात. निबंध ही त्याचीच चाचणी समजा. इंटरनेटवरचे नमुने उतरवू नका. वाचणाऱ्यांनी ते आधी वाचलेले असतात.

शिफारसपत्रं बहुधा तीन. आपल्याकडे रीत अशी की उमेदवाराने मजकूर टाइप करून न्यायचा आणि पाळकसाहेबांनी सही-शिक्का द्यायचा. तिन्ही पत्रांत ‘नम्र आणि आज्ञाधारक’ हेच शब्द आले की काय समजायचं ते समितीला समजतं. तुमच्याशी कधीतरी मतभेद झालेला, तरी तुम्हाला मानणारा एखादा वरिष्ठ असेल तर त्याला विचारा. नातेवाइकाचं पत्र चालत नाही, मग मामा बिशप का असेनात.

अर्ज मंजूर झाला की हॉस्पिटलचा आरोग्य विभाग लशींचा पुरावा मागतो: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, शिवाय हंगामी फ्लू. महाराष्ट्रात वाढलेल्या चाळिशीच्या माणसाकडे लहानपणीचं लसीकरण कार्ड? गावच्या आरोग्य केंद्राला पत्रं लिहीत बसू नका. गोवर, कांजिण्या वगैरेंसाठी रक्तात प्रतिकारशक्ती आहे का, ही तपासणी बहुतेक हॉस्पिटलं मान्य करतात. हिपॅटायटिस बी घेतलेलीच नसेल तर तीन डोसांचा नेहमीचा क्रम सहा महिने चालतो, तेव्हा पहिला डोस अर्जाबरोबरच घ्या. क्षयाच्या तपासणीत तर हमखास गोंधळ. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो आणि त्या लशीमुळे कातडीवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि रुजू होण्याची तारीख पुढे. सुरुवातीलाच सांगा की बीसीजी झालेली आहे, रक्तावरची चाचणी करा. काउंटरवरचा माणूस स्वतःहून हे विचारणार नाही.

पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वीची नावं’ असा रकाना असतो. लग्नाआधीचं नाव, पदवीवरचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं असेल तर तेही, सगळं तिथे लिहा. लपवलंय असं वाटायला एक वगळलेलं नाव पुरतं.

व्हिसा: टूरिस्ट व्हिसावर येऊन युनिट करता येत नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी परवानगी घ्या. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येतं, पण रेसिडेन्सीचं मानधन ही कमाई आहे आणि वर्क परमिटशिवाय ती घेता येत नाही. फी भरून करायच्या युनिटलाही काही हॉस्पिटलं नाही म्हणतात. केंद्राच्या संचालकाला इमिग्रेशनचे नियम ठाऊक असतील असं धरून चालू नका. वकिलाची एक भेट स्वस्त पडते.

चॅप्लिन म्हणून प्रमाणित व्हायचं असेल तर पुढचा टप्पा बीसीसीआयचा. क्रिकेटची नव्हे, चॅप्लिनना प्रमाणपत्र देणारी बोर्ड ऑफ चॅप्लन्सी सर्टिफिकेशन इन्कॉर्पोरेटेड. चार युनिटं, त्यांशिवाय २००० तासांचं काम, ७२ क्रेडिटची ईश्वरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, आणि तुमच्या संप्रदायाचं मान्यतापत्र. पदवीत गोची अशी की पश्चिम बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजशी संलग्न कॉलेजात बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) केलेल्यांची पदवी देतं सेरामपूरचं सिनेट. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला गुणपत्रकं पदवी देणाऱ्याकडून, सीलबंद हवी असतात. कॉलेजच्या प्राचार्यांनी प्रेमाने दिलेला लिफाफा परत येतो. ज्यांच्या सेमिनरीला फक्त एशिया थिओलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी मूल्यांकन संस्थेला लेखी विचारून घ्यावं.

मान्यतापत्र तर बहुतेकांकडे नसतंच. तुम्ही आमच्या मंडळीचे, चांगल्या स्थितीतले सेवक आहात आणि चॅप्लिनच्या कामासाठी आम्ही तुम्हाला पाठवतो, असं संप्रदायाच्या अधिकृत कार्यालयाने लिहून द्यायचं असतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या धर्मप्रांतात असा नमुना तयार असेलच असं नाही; दीक्षेचा दाखला म्हणजे हे पत्र नव्हे. स्वतंत्र मंडळीवाल्यांची पंचाईत आणखी मोठी, कारण पत्र द्यायला वर कुणी नाही. काही जण अमेरिकेतल्या एखाद्या संप्रदायात सदस्यत्व घेऊन तिथून मान्यता मिळवतात. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा आज तिकडे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये आहे, म्हणून नगर-सोलापूरकडच्या काहींना ते दार जवळचं वाटतं. पण तिथेही मुलाखती, सदस्यत्वाचा काळ, सगळं रीतसर असतं आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तेव्हा चौथं युनिट संपल्यावर पत्र मागायला निघू नका. पहिल्या युनिटला बसतानाच बिशपांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बिशप बदलतात, पोच राहते.