बुलपप एअर रायफल

बुलपप एअर रायफल : छर्रा भरण्याची जागा, झडप आणि हातोडी ही सगळी यंत्रणा ट्रिगरच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेली हवाई बंदूक. नेहमीच्या रायफलमध्ये ट्रिगरमागची लांबी फक्त खांद्याला टेकवण्यापुरती असते. बुलपपमध्ये ती कामाला लावलेली असते. त्यामुळे 50 सेंमी. लांबीची नळी असूनही अख्खी बंदूक 70 ते 75 सेंमी.मध्ये मावते. तेवढ्याच नळीची नेहमीची रायफल मीटरभर तरी भरते.

ही मांडणी मूळची दारूगोळ्याच्या शस्त्रांची. ब्रिटनमधील 1901 ची थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन हे तिचे एक जुने उदाहरण. ऑस्ट्रियाच्या सैन्याने श्टायर आउग ही बुलपप रायफल 1977 मध्ये स्वीकारली. गंमत म्हणजे 1780 च्या सुमारास याच सैन्याकडे जिरार्दोनीची हवाई रायफल होती आणि तिचा दस्ता हीच हवेची टाकी होती. ती बुलपप नव्हे, पण दस्त्याची जागा वाया घालवायची नाही हा विचार तिच्यातही दिसतो.

स्प्रिंगच्या हवाई बंदुकीला ही बांधणी फारशी मानवत नाही. तिचा लांब सिलिंडर नळीच्या मागे असतो, शिवाय स्प्रिंग दाबायला तरफेची लांबी लागते. टाकीत 200 ते 300 बार दाबाने आधीच हवा भरलेल्या पीसीपी रायफलींना हे बंधन नाही, म्हणून बहुतेक बुलपप हवाई बंदुका पीसीपीच आहेत. स्वीडनची एफएक्स वाइल्डकॅट, ब्रिटनची डेस्टेट पल्सार, चेक बनावटीची कॅलिबरगन क्रिकेट आणि तुर्कस्तानची हॅटसन बुलबॉस ही परिचित नावे.

लांब नळीत हवेला प्रसरण पावायला जागा मिळते. तेवढ्याच हवेत छर्ऱ्याला जास्त वेग मिळतो, किंवा तेवढाच वेग कमी हवेत मिळून एका भरणीत जास्त छर्रे सुटतात. गाडीतून, झुडपांतून किंवा गोठ्याच्या आडोशातून नेम धरताना आखूड बंदूक सोयीची पडते. बारुदी बुलपपचे एक मोठे दुखणे येथे नाहीच: रिकामे काडतूस बाहेर फेकले जात नसल्याने डावखुऱ्याच्या तोंडावर काही येत नाही. हातोडी ताणून छर्रा नळीत ढकलणारी लिव्हर मात्र त्याला सोयीच्या बाजूस हवी.

खरी किंमत ट्रिगरमध्ये मोजावी लागते. बोट पुढे आणि हातोडी अडवून धरणारा खटका मागे, म्हणून दोहोंना लांब सळईने जोडावे लागते. सळई किंचित लवते, घासते. ‘आता सुटणार’ ही बोटाला कळणारी नेमकी जागा पुसट होते. पल्सारने ट्रिगरला विजेचे बटण करून हा प्रश्न मुळातूनच काढला. इतरांना सळईची ताठरता आणि सांध्यांची सफाई यांवरच भिस्त ठेवावी लागते आणि स्वस्त मॉडेलांचे पितळ इथेच उघडे पडते.

दुसरी अडचण दुर्बिणीच्या उंचीची. गाल थेट यंत्रणेवर टेकत असल्याने डोळा नळीच्या बराच वर राहतो. छर्ऱ्याचा आरंभवेग सेकंदाला 240 मी. धरून 30 मी. अंतरावर नेम जुळवला आणि दुर्बीण नळीपेक्षा 65 मिमी. उंच असली, तर 10 मी.वर छर्रा दोन सेंमी.हून अधिक खाली लागतो. हीच उंची 40 मिमी. असेल तर चूक पाऊण सेंमी.च्या आत राहते. उंदीर किंवा कबूतर जवळच्या अंतरावर टिपणाऱ्याला हे गणित पाठ ठेवावे लागते. लिव्हर मागे असली तर ती गालाजवळ चालवताना नेम मोडतो. काही मॉडेलांत म्हणून ती ट्रिगरच्या पुढे आणलेली असते. हातोडीचा टकटक आवाजही कानाजवळच होतो.

वजन मागे गेल्याने बंदूक एका हातात पेलते, पण नळीचे टोक हलके राहून उभ्याने नेम धरताना डुलते. 10 मी. स्पर्धांच्या रायफली नेहमीच्या बांधणीच्या असतात त्या काही केवळ परंपरेपोटी नव्हे. तिथे आखूडपणाने काहीच साधत नाही, स्थिर टोकाने साधते.

भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमी.पेक्षा मोठा व्यास किंवा 20 जूलपेक्षा अधिक ऊर्जा असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. या मर्यादेत लांब नळीची गरज मुळात कमी, त्यामुळे येथे बुलपपचा फायदा बराचसा वाहून नेण्याच्या सोयीपुरता उरतो.