पाइप निघेपर्यंत: शिसे, फिल्टर आणि पाचवी बाटली

'प्लंबर' हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला. मऊ, हवे तसे वळणारे आणि टिकाऊ असे हे शिसे अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने पाण्याच्या नव्या जोडण्यांतून बाद झाले. शिकागोत तर तोवर शिशाचाच पाइप टाकण्याची सक्ती होती. तिथे आजही अशा सुमारे ४ लाख जोडण्या असल्याचे मानले जाते. बंदी नव्या पाइपांना होती. जुने जमिनीखाली तसेच राहिले.

पाण्यात फॉस्फेट घातले की पाइपच्या आत थर धरतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही, यावर सारी भिस्त होती. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ पासून नदीचे पाणी आले, गंज रोखणारे रसायन मात्र घातले गेले नाही. थर सुटले. त्यानंतर घरोघरी फिल्टर वाटण्याची वेळ आली.

चाचणीचीही एक गोम आहे. १९९१ च्या नियमानुसार निदान सहा तास न वापरलेल्या नळाचे पहिले लिटर तपासत. पण ते पाणी नळातले आणि घरातल्या पाइपातले असते. रस्त्याकडून येणाऱ्या पाइपात रात्रभर मुरलेले पाणी मागून येते. म्हणून २०२१ च्या नियमात पाचवे लिटर आले: पहाटे, मध्ये नळ बंद न करता, ओळीने पाच बाटल्या भरायच्या. तीस वर्षे बहुतेक ठिकाणी चुकीची बाटली तपासली गेली, याची मला फार चीड येते.

२०१९ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात तीन घरे तपासली, तर दोन घरांत फिल्टरमधून आलेल्या पाण्यातही मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले. लोक हादरले. पुढच्या मोठ्या तपासणीत नीट बसवलेले फिल्टर बहुतेक घरांत चांगले काम करताना दिसले. फिल्टरवर शिशासाठीचे 'एनएसएफ/एएनएसआय ५३' प्रमाणपत्र हवे, कार्ट्रिज, म्हणजे आतला गाळणारा भाग, वेळेवर बदलायला हवे आणि त्यातून गरम पाणी सोडायचे नाही. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. बाळाचे दूध कालवणाऱ्या प्रत्येक घराला हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवे.

२०२४ च्या नियमाने कारवाईची मर्यादा, म्हणजे जिच्यावर शिसे गेले की पाणीपुरवठा करणाऱ्यांना पावले उचलावी लागतात ती, लिटरमागे १५ वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली आणि बहुतेक शहरांना पाइप बदलायला दहा वर्षे दिली. खोदकामाच्या हादऱ्यानेही शिशाचे कण सुटतात. त्यामुळे नवा पाइप बसल्यावरही सहा महिने पुरतील इतकी कार्ट्रिजेस घरी द्यायची आणि तीन ते सहा महिन्यांनी पाणी पुन्हा तपासायचे आहे.